सरपणातले चाकू

बाबा, सरपण दिलंत तुम्ही मला. भावाला घर, घरापुढची जागा, अवजारांची पेटी, वाकस, रंधे, करवती, आणि मला सरपण. खाटेवर पडल्या पडल्या सगळ्या नात्यागोत्याच्या देखत म्हणालात, "मागच्या पडवीतलं लाकूड पोरीले द्या, तिची चूल तरी पेटन." मी तुमच्या पायथ्याशीच उभी होते. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भावजय तोंडाला पदर लावून हसली, ते मी पाहिलं. मग तुम्ही पाणी मागितलंत, आणि तेही मीच दिलं, कारण बाकीचे सगळे घराच्या मापाचं बोलण्यात गुंतले होते. याला आता वीस-बावीस वर्षं होत आली. लोक म्हणतात, जाऊ दे बाई, बापानं काही विचार करूनच लाकूड तुझ्या नावानं ठेवलं असेल. मी म्हणते, काही विचार केला नव्हता. तुमच्याकडे उरलं होतं ते मला दिलंत. माझं समाधान करायला खोटं बोलणारी माणसं मला आवडत नाहीत. आणि मी रडगाणं गायला बसलेली नाही. मी जिंकलेय, आणि हे ज्याला सांगायचं होतं तो माणूस आधीच निघून गेला, म्हणून लिहावं लागतंय.

तुमचं अंगण अजून डोळ्यापुढे आहे. मृग तोंडावर आलाय, अख्खं गाव आपल्या दारात. कोणाचा वखर, कोणाची तिफण, कोणाच्या बैलगाडीचं चाक. तुम्ही वाकस चालवताय, भाऊ चाकाचे आरे धरून बसलाय, आणि मी ढलप्या गोळा करतेय, कारण पोरीचं काम ढलप्या गोळा करणं. तुमच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात तो घडीचा चाकू. पातं आजोबांचं, मूठ तुम्ही बसवलेली, काळी, तुकतुकीत. भावानं मागितला की तुम्ही त्याच्या हातात द्यायचे. मी मागितला की जमिनीवर ठेवायचे आणि मी वाकून उचलायचा. चाकू हातात दिला तर भांडण होतं, हे सगळेच मानतात, मलाही मान्य. मग भावाच्या हातात कसा, असं मी एकदा विचारलं. तुम्ही रंधा न थांबवता म्हणालात, "बापलेकाचं कायचं भांडण? तू परक्या घरची." चौथीत होते मी. त्याच साली शाळाही बंद केलीत, पण ते भांडण वेगळं, त्याचा कागद वेगळा लागेल.

त्याच पावसाळ्यात मायच्या खुरप्याची मूठ निघाली. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, गावाचं काम होऊ दे. ती आपली खुरप्याच्या टोकाला चिंधी गुंडाळून निंदायला जायची आणि हाताला फोड आणायची. मग मी टाकलेल्या चाकाचा एक मोडका आरा घेतला आणि तुमच्याच चाकूनं तासून तासून मूठ केली. वाकडी होती, पण घट्ट बसली. माय ती हातात धरून उगाच दोनदा हवेत फिरवून हसली. तुम्ही जेवायला आत आलात, पाहिलंत, खुरप्यातून ती ओढून काढलीत आणि चुलीत घातलीत. तव्यावर भाकर होती. म्हणालात, "सुताराच्या घरात जुन्या लाकडाची मूठ? उद्या गाव म्हणन, हा जुनंच लाकूड नवं म्हणून खपवते. जुनं लाकूड चुलीचं." माय भाकर उलटत राहिली. आरा चांगल्या बाभळीचा होता, हळू जळला. त्या आगीवरची भाकर मी खाल्ली नाही, आणि तुम्ही विचारलंसुद्धा नाही का ते.

माझ्या लग्नात तुम्ही विळी दिलीत. नव्या सागवानाच्या पाटाची, गुळगुळीत, पितळी फुलं ठोकलेली. काम चांगलं होतं, त्यात खोट काढणार नाही. पण विळी म्हणजे बाईनं जमिनीवर बसायचं, पाय ठेवून दाबायची आणि खाली मान घालून चिरायचं. चाकू उभ्यानं चालतो. खिशात राहतो. हे तुम्हाला कळत नव्हतं असं नाही.

तर सरपण. नवऱ्याचं खामगावला भंगाराचं दुकान, तुम्ही ते कधी आत येऊन पाहिलं नाही, रस्त्यावरूनच परत फिरलात. त्याच भंगाराच्या टेम्पोत मी तुमची पडवी रिकामी करून आणली. ढलपीसुद्धा सोडली नाही. भाऊ म्हणाला, झाडून बी ने. मी झाडूनही नेलं. आणि पहिल्याच हप्त्यात चुलीसाठी एक ओंडका फोडायला घेतला तर कुऱ्हाड उडून परत आली. पाहते तर बैलगाडीचा कणा, धावड्याच्या लाकडाचा. तासला तर आतून ताजा, जणू काल तोडला. तुम्ही म्हणायचे जुनं लाकूड मेलेलं असतं. कुठं मेलेलं? ते तर अजून कुऱ्हाडीला उलटून बोलत होतं. त्याच दिवशी भंगारात एक घडीचा चाकू आला होता, प्लास्टिकची मूठ फुटलेली, पातं एकदम चांगलं. मी दोन्ही बाजूला ठेवलं. त्या संध्याकाळी शेजारणीकडून गॅसवर भाजी करून आणली, कारण ते लाकूड जाळणं आता माझ्याच्यानं होणार नव्हतं.

दुकानाच्या भिंतीला लागून एक चाचा बसतात, सायकलीला जोडलेल्या सहाणेच्या चाकावर धार लावून देतात. मी दहा-बारा दिवस कानशीनं घासून मूठ केली आणि त्यांना दाखवली. त्यांनी ती उलटी केली, सुलटी केली, पुढ्यातल्या गिऱ्हाइकाला दाखवली. म्हणाले, "क्या बाई, चाकू की मूठ बनाई के मूसल? इससे तो मिरची कूटो." मी म्हटलं, हसायचे पैसे नाही घेत मी, शिकवायचं असेल तर शिकवा. त्यांनी शिकवलं. पातं घडी होऊन बसायला जागा किती ठेवायची, पातं धरून ठेवणारी कमान कशी बसवायची, खिळा पितळीच काऊन पाहिजे, आणि लाकडाचे दोन फाळके एकाच तुकड्यातून उभे चिरायचे म्हणजे दोन्ही बाजूंच्या रेषा भावंडांसारख्या दिसतात. मी म्हटलं, भावंडांचं नाव नका काढू. ते म्हणाले, "तो फिर मियाँ-बीवी बोलो, वो भी लडतेइच हैं." तिसरी मूठ त्यांनी हातात धरली. नुसती धार लावून दिली, आणि वरून आपल्याच टिफिनातली कांद्याची फोड कापून पाहिली. मला तेवढं पुरलं.

मग मी थांबले नाही. चाकू येतच असतात भंगारात. बाजार समितीतले हमाल पोत्याचं तोंड उघडायला ठेवतात ते, मेंढपाळांचे, पानठेल्यावरचे, मुठी फुटल्या की लोक फेकतात. पातं मी वेचते. आणि लाकूड तर हे गाव रोज फेकतंय. जुन्या जिनिंगचं दार निघालं, सागवान, भेगांत अजून सरकीची लव अडकलेली. ती काढली नाही, तशीच ठेवून वरून घासली, मुठीत पांढरी रेघ दिसते. बंद पडलेल्या तेलघाणीत फिरायची त्या लाकडी लाटेची मूठ आहे, उन्हात ठेवली की शेंगदाण्याचा वास सुटतो. शाळेच्या बाकाची आहे, तिच्यावर शाईचा डाग आहे, तो मी मुद्दाम वरच्या बाजूला घेतला. बाजेच्या गाताची, म्हणजे कडेच्या लाकडाची आहे, उखळातल्या मुसळाची आहे, एका म्हातारीच्या जात्याच्या खुंट्याची आहे, ती तर तिच्या सुनेनं स्वतः आणून दिली. दुकानाच्या मागच्या खोलीत एक पाट उभा केलाय, त्याच्यावर सगळे टांगलेत. नवरा आधी ओरडायचा, घरात एवढे चाकू पाहून एखाद्या दिवशी पोलीस येतीन. आता गिऱ्हाईक आलं की तोच आधी त्याला मागं घेऊन जातो आणि मी सांगायच्या आत चुकीचं सांगतो. लोक विकत मागतात. मी विकत नाही. एक बाई बुलढाण्याहून दोनदा आली, तिच्या आजीच्या गावच्या घाणीचा चाकू पाहायला. हातात घेऊन बसते, चहा पिते, जाते. तिलाही दिला नाही. विकला तर तो नुसता चाकू.

आता मुद्द्याचं. दोन-तीन वर्षांपूर्वी भावानं तुमचं घर पाडलं आणि स्लॅबचं बांधलं. मला सांगितलं नाही, मी ऐकलं. लाकूड सगळं संग्रामपूरच्या एका भंगारवाल्याला घातलं, आणि भंगारवाले सगळे एकमेकांना ओळखतात, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही. मी सकाळच्या एसटीनं गेले आणि ढिगातून आपला उंबरा उचलला. मधोमध पायांनी झिजून खोलगट झालेला. सरपणाच्या भावातच मिळाला, दुसरं काय. खोलगट भागातून मूठ काढली, म्हणजे ती आपोआपच हाताला बसते, कमी घासावी लागते. त्याला पातं लावलं एका जुन्या, लांबोळ्या चाकूचं. हा मी पाटावर टांगला नाही. कमरेच्या बटव्यात ठेवते, दुकानात सुतळ्या कापते त्यानं.

या फाल्गुनात भावाच्या पोराचं लग्न झालं. आपल्या घरची रीत तुम्हीच घट्ट धरून ठेवली होती. नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात चाकू, टोकाला लिंबू, आणि अक्षता पडेपर्यंत तो खाली ठेवायचा नाही. बाकीचे लोक बाजारातून कट्यार आणतात. आपल्याकडे ते चालत नाही. आपला नवरदेव घरचाच चाकू धरतो. तुमचा. भावानं धरला होता. पण मधल्या काळात त्यानं त्या चाकूनं रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं होतं, आणि मूठ एका बाजूनं तडकली होती. लग्न आठवड्यावर आल्यावर त्याला ते आठवलं. सुताराचा पोरगा, घरात अवजारांची पेटी, आणि त्यानं काय केलं असेल? बाजारातून चिकटवायची ट्यूब आणली आणि अख्खी ओतली. वरून दोरा गुंडाळून उन्हात ठेवला. मूठ चिकटली, झकास चिकटली. आणि आत घडी केलेलं पातंही चिकटलं.

हे हळदीच्या दिवशी कळलं. नवरदेव पाटावर बसलाय, अंगभर हळद, हात पुढे केलेला, भावजयीच्या हातात लिंबू, आणि चाकू उघडेना. भावानं नखं मोडून घेतली. त्याच्या मेहुण्यानं दात लावले. कोणी तरी म्हणालं गरम पाण्यात टाका, तर आचाऱ्याच्या पातेल्यात टाकला, भाजी बिघडेल म्हणून आचारी वेगळाच भडकला. कोणी म्हणालं, बाजारातून आणू, गाडी काढा. तर मोठी माय, तुमची थोरली वहिनी, आता नव्वदीला आली असेल, खुर्चीतून म्हणाली, बाजारचा नाही चालत, घरचाच पाहिजे, नाहीतर हळद थांबवा. वाजंत्रीवाले थांबले. मी मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. सकाळपासून मला कोणी एक शब्द विचारला नव्हता, नवरदेवाची एकुलती एक आत्या असून. नुसतं, बस ना बाई, बस ना बाई. मी बसल्या जागेवरूनच बटवा उघडला.

मोठ्या मायनं चाकू आधी आपल्या हातात मागितला. म्हणाली, "कोनाचा हाये?"

मी म्हटलं, "घरचाच हाये."

"कोनत्या घरचा? तुह्या खामगावच्या?"

"याच. मूठ पाहा ना, मोठी माय. हा आपल्या घराचा उंबरा होय. तुमी नवरी होऊन याच्यावरूनच आत आल्या होत्या."

म्हातारीला दिसत नाही फारसं. तिनं अंगठा त्या खोलगट जागेवरून फिरवला, मग परत फिरवला. मग तिनं चाकू माझ्याकडेच परत सरकवला, खुर्चीच्या कडेवर ठेवून, आणि भावाला म्हणाली, बापानं घ्यावा आणि पोराले द्यावा. भाऊ पुढे आला. हात पुढे केला. मी चाकू उचलला, दोन पावलं आले आणि त्याच्या पायापुढं जमिनीवर ठेवला.

तो म्हणाला, "हातात दे ना, बाई. टोंगळे दुखतेत."

"हातात देल्लं तं भांडण होते."

"भांडण तं हायेच आपलं."

"मंग वाढवाचं कायले? उचल."

सगळे पाहून राहिले होते. भावजय पाहून राहिली होती, आणि या वेळी तोंडाला पदर नव्हता. बाबा, तो वाकला. सगळ्या नात्यागोत्याच्या देखत, माझ्यापुढं, हळू हळू, एक हात गुडघ्यावर ठेवून. गुडघा कट्‌कन वाजला तो मी ऐकला. त्यानं उचलला, पोराच्या हातात दिला, लिंबू टोचलं, वाजंत्री सुरू झाली, आणि पोरगं माझ्याकडे पाहून म्हणालं, आत्या, मस्त बसते हातात. बसणारच. तीन पिढ्यांच्या पायांनी घासलेली मूठ आहे, माझी कानस त्याला कमीच लागली. दुसऱ्या दिवशी अक्षता पडेपर्यंत तो चाकू त्यानं सोडला नाही. जेवताना डाव्या हातात, फोटोत उजव्या हातात. तुम्ही ज्याला चुलीचं म्हणायचे ते तुमच्या नातवाच्या लग्नात सगळ्यात वर होतं, आणि तुमचा नव्या लाकडाचा पोरगा खाली वाकला होता. इतकं बरं मला आयुष्यात वाटलेलं नाही. मी तीन जिलब्या खाल्ल्या, मला साखर आहे तरी.

मला वाटलं इथं संपलं. पण पंधरवड्यानं भाऊ खामगावला आला. दुकानाच्या आत आला, पहिल्यांदा. मागच्या खोलीत पाटावरचे चाकू एकेक करून पाहिले. चहा घेतला. मग खिशातून तुमचा चिकटलेला चाकू काढला, हातात दिला नाही, काउंटरवर ठेवला, आणि म्हणाला, "तुह्यानंच होईन हे." एवढंच. एसटी गाठायला निघून गेला. तेवढं बोलायला त्याला किती जोर लावावा लागला ते मला माहीत आहे, म्हणून मीही टोमणा मारला नाही. मारता आला असता.

माझ्या पोरीचं नखांचा रंग काढायचं पाणी असतं, त्यात कापूस बुडवून दोन दिवस लावत राहिले तेव्हा पातं सुटलं. मग खिळे काढले आणि मुठीचे दोन्ही फाळके उघडले. आणि बाबा, तुम्ही पकडले गेलात. वरून काळी तुकतुकीत, पण आतल्या बाजूला, जी लोखंडाला चिकटून असते आणि कोणालाच दिसत नाही, तिथं हिरवा रंग आहे. जुना, उडालेला, पण हिरवाच. आणि एका फाळक्याच्या टोकाला खिळ्याचं भोक, लाकडाची बारीक मेख ठोकून बुजवलेलं, इतकं सफाईनं की आयुष्यभर हाताळूनही कोणाला कळलं नाही. नव्या लाकडाला कोणी रंग देऊन मग मूठ करत नाही. नव्या लाकडाला आधीच खिळा नसतो. हे लाकूड आधी काहीतरी दुसरं होतं. तुमच्या खिशात, छातीपाशी, जन्मभर जुन्या लाकडाची मूठ होती, आणि माझी चुलीत.

मी तेव्हा दुकानात एकटीच मोठ्यानं हसले. चाचा डोकावले, म्हणाले, क्या हुआ, लॉटरी लगी? मी म्हटलं, त्याच्याहून मोठी.

पण मग हसू थांबलं, कारण प्रश्न राहिलाच. गावभराचं जुनं लाकूड तुम्ही चुलीत घातलंत, आणि हे एवढं एक घातलं नाहीत. काय होतं ते? दार? कोणाची पेटी? गाडीची फळी? मायनं माहेरून काही आणलं होतं का? भावाला फोन केला, त्याला माहीत नाही. मोठ्या मायला विचारलं, ती म्हणते आपल्या घरात हिरवं काही नव्हतंच. म्हणजे दुसरीकडून आणलंत. कुठून आणलंत, आणि ते तुमच्यानं टाकवलं काऊन नाही, हे मला पाहिजे. एवढं उत्तर तुमच्याकडे माझं हक्काचं आहे, सरपणाच्या वाटणीत ते आलं नव्हतं.

हा कागद कुठल्या पेटीत टाकणार, तिकीट कुठलं लावणार. घडी करून गल्ल्याखाली ठेवतेय, आणि जे कोणाला सांगितलं नाही ते तुम्हाला सांगते. अख्ख्या खामगावात फिरून लाकूड ओळखणारी मी, मला हे लाकूड ओळखू येत नाही. धावडा नाही, शिसम नाही, बाभूळ नाही. कोपरा जरा कानशीनं घासला, भुसा तापवून वास घेतला, तर दोन मिनिटांत कळेल. कानस तीनदा हातात घेतली. घासवत नाही. तर आखाजीला, अक्षय तृतीयेला, तुमच्या नावानं घागर भरून पान वाढणार आहे, तेव्हापर्यंत मला सांगा. स्वप्नात या, भावाच्या तोंडून या, कसंही या. त्या दिवशी दुपारी पान उचलेपर्यंत उत्तर आलं नाही, तर मी कानस लावणार.